इन्स्टॉल कमांड: फाइल, मालक आणि परवानगी एकाच ओळीत

लिनक्सच्या मशीनवर एखादी फाइल कायमची ठेवायची म्हटलं की तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. ती कुठे राहणार, तिचा मालक कोण, आणि ती कोणाला वाचता-लिहिता येणार. बहुतेक जण पहिली गोष्ट सीपीनं करतात, दुसरी सीएचओननं, तिसरी सीएचमॉडनं. आणि घाईत असले की पहिलीवरच थांबतात. इन्स्टॉल ही कमांड तिन्ही कामं एका ओळीत करते. माझ्या कामात तिनं सीपीची जागा केव्हाच घेतली आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकानं ती शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

मी नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या काही पॅथॉलॉजी लॅबचे आणि कळमना मार्केटकडच्या काही वजनकाट्यांचे डेबियन लिनक्सचे सर्व्हर बघते. मशीन छोटी आहेत, माणसं कमी आहेत. पुष्कळदा मी घरी फोनवर असते आणि तिथला पोरगा कीबोर्डवर. मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे गेला की भर दुपारी गाडी काढण्यापेक्षा फोनवर काम झालेलं बरं असतं. त्यामुळे कमांड बोलून सांगता आली पाहिजे: "छोटा एम, मग सहा चार शून्य, मग छोटा ओ, रूट." इथंही मी तसंच लिहिते आहे: छोटा एम म्हणजे डॅश लावलेलं लहान रोमन एम, मोठा डी म्हणजे डॅश लावलेलं कॅपिटल डी. टर्मिनलवर अर्थात सगळं रोमन अक्षरांत जातं.

पैसे लागत नाहीत आणि काही उतरवूनही घ्यावं लागत नाही. एलएस, सीपी, एमव्ही या रोजच्या कमांड ज्या जीएनयू कोअरयुटिल्स नावाच्या संचात येतात त्यातच ही पण येते, म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च कुठेही बसा, ती तिथे असते. जीएनयूची आवृत्ती डेव्हिड मॅकेंझी यांनी लिहिली. मूळ कमांड त्याहून जुनी, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासूनची. पुष्कळसं सॉफ्टवेअर मूळ कोडवरून बांधताना कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवली की बीएसडीशी जुळणारी इन्स्टॉल आहे का हे तपासल्याची एक ओळ पडद्यावर येते, ती हीच. नव्या लोकांसाठी एक खुलासा: ही कमांड इंटरनेटवरून सॉफ्टवेअर आणत नाही. ते काम एपीटी किंवा यमचं, आणि इन्स्टॉलच्या स्वतःच्या मदतीच्या मजकुरातच तसं लिहिलेलं आहे. ही फक्त तुमच्याजवळची फाइल योग्य जागी, योग्य नावावर, योग्य परवानगीनं ठेवते.

रोजची ओळ अशी असते: इन्स्टॉल, छोटा एम ६४०, छोटा ओ रूट, छोटा जी लॅब, मग आपली कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल, मग /ईटीसी/ मधली तिची जागा. अर्थ सरळ आहे: एम परवानगीचा, ओ मालकाचा, जी गटाचा. मालक रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युजर, तो वाचेल आणि लिहील. लॅब या गटातली सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, फक्त वाचेल. बाकी कोणाला काहीही नाही. तीन आकडे क्रमानं मालक, गट आणि इतरांचे, आणि वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, हा हिशोब ज्याला येतो त्याला ओळ ऐकताक्षणी कळते. आकडे नको असतील तर छोट्या एमपुढे "यू=आरडब्ल्यू,जी=आर" असंही चालतं. इथली सोय अशी की इन्स्टॉल सुरुवात "कोणालाच काही नाही" इथून धरते. म्हणजे इतरांसाठी काही लिहिलं नाही, तर इतरांना काही मिळतही नाही.

लॅबच्या कामात हे किती महत्त्वाचं आहे ते सांगते. रिपोर्टची सर्व्हिस डेटाबेसशी बोलते आणि तिचा पासवर्ड त्या कॉन्फिगमध्ये असतो. डेटाबेसमध्ये कोणाची शुगर आहे, कोणाची एचआयव्ही टेस्ट आहे, कोणाची गर्भधारणेची. त्याच मशीनवर बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं, प्रिंटरचं चालतं, कधी कोणी बाहेरचा माणूस बारकोड मशीन जोडायला येतो आणि त्याला लॉगिन दिलं जातं. अशा ठिकाणी पासवर्डची फाइल ६४४ वर राहिली तर मशीनवर लॉगिन असलेला कोणीही ती वाचू शकतो. पेशंट आपलं रक्त देतो तेव्हा हा भरवसा आपल्यावर टाकतो, आणि तो तीन आकड्यांवर टिकलेला असतो.

फाइल गिटमध्ये, म्हणजे आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवली आहे म्हणून परवानगीही तिथे सांभाळली जाईल, असं अनेकांना वाटतं. गिट फाइलच्या बाबतीत चालवण्याची परवानगी आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं. ६४० किंवा ६०० त्याच्या खिजगणतीतही नसतं. क्लोन करून प्रत उतरवली की फाइल त्या मशीनच्या उमास्कप्रमाणे (नव्या फाइलच्या परवानगीतून काय कापायचं ते ठरवणारी सेटिंग) उतरते, बहुतेक ठिकाणी ६४४. म्हणून परवानगी कुठेतरी लिहून ठेवावीच लागते, आणि तिची योग्य जागा म्हणजे डिप्लॉयच्या, म्हणजे फाइली सर्व्हरवर टाकणाऱ्या, स्क्रिप्टमधली इन्स्टॉलची ओळ. सहा महिन्यांनी कोणी स्क्रिप्ट उघडली तर कोणती फाइल कोणाची आणि कोणासाठी, हे त्या एका ओळीत वाचता येतं.

सीपी करून नंतर सीएचमॉड केलं तरी शेवट तोच ना? शेवट तोच, मधली वाट वेगळी. सीपी झाल्यावर सीएचमॉड होईपर्यंत फाइल उघडी असते. तो क्षण छोटा असतो, पण स्क्रिप्ट मध्येच अडकली, लाइट गेली, दूरून जोडलेलं एसएसएच तुटलं, तर फाइल तशीच उघडी राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जीएनयूची इन्स्टॉल नवी फाइल आधी ६०० वर, म्हणजे फक्त मालकासाठी तयार करते. मग मालक बदलते आणि सगळ्यात शेवटी तुम्ही मागितलेली परवानगी लावते. मालक आधी आणि परवानगी नंतर या क्रमालाही कारण आहे: मालक बदलताना सेटयूआयडीसारखे (प्रोग्रॅम मालकाच्या अधिकारानं चालवणारे) खास बिट पुसले जाऊ शकतात, म्हणून ते नंतरच लावायचे. सीएचओन आणि सीएचमॉड हातानं चालवणारे किती जण हा क्रम पाळतात?

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. छोट्या ओपुढे जो युजर लिहिला तो मशीनवर नसेल, गटाचं नाव चुकलं असेल किंवा परवानगीचा आकडा निरर्थक असेल, तर इन्स्टॉल फाइलला हात लावण्याआधीच थांबते. सीपीच्या वाटेनं गेलात तर जुनी फाइल आधीच बदललेली असते आणि मग सीएचओन सांगतं की असा युजर नाही.

एका लॅबमधून मला फोन आला होता. "ताई, कॉन्फिग टाकली न मी, तरी सर्व्हिस उठून नाही राहिली." पोरानं सूडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकारानं, सीपी केलं होतं. त्या मशीनवर कोणीतरी उमास्क ०७७ करून ठेवला होता, त्यामुळे फाइल रूटची ६०० होऊन बसली आणि सर्व्हिसच्या युजरला ती वाचताच येईना. त्याचा पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता: "ट्रिपल सेव्हन मारून देऊ का?" मी म्हटलं, "नको रे बाबा, ते तर अजिबात नको. मी सांगते ती ओळ टाक." इन्स्टॉलची ओळ टाकली, सर्व्हिस उठली. छोट्या एमनं दिलेली परवानगी उमास्कनं कापली जात नाही. मशीनवर काहीही सेटिंग असो, ६४० मागितलं की ६४० च मिळतं.

७७७ बद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे, कारण आपल्याकडे हा रोग फार पसरला आहे. काहीतरी वाचता येत नाही म्हणून सगळ्यांना सगळं देऊन टाकायचं, आणि काम चाललं की विसरून जायचं. ज्या पोराला "मालक कोण, गट कोणता" हा प्रश्न कधी विचारावाच लागला नाही, तो ७७७ कडेच जाणार. इन्स्टॉलची ओळ लिहायला बसलं की तो प्रश्न आपोआप समोर येतो. माझ्या हाताखालच्या पोरांना मी म्हणूनच सीएचमॉड नंतर आणि इन्स्टॉल आधी शिकवते.

७७७ वर तर काही सेवा चालतच नाहीत. /ईटीसी/क्रॉन.डी/ मधली फाइल गटाला किंवा इतरांना लिहिता येत असेल तर ठरल्या वेळी कामं चालवणारा डेबियनचा क्रॉन ती चालवत नाही. वाढलेले लॉग आवरणारं लॉगरोटेट अशी कॉन्फिग बाजूला टाकतं. पोस्टग्रेस या डेटाबेसची खासगी किल्ली ६०० हवी, किंवा रूटच्या मालकीची असेल तर ६४० पर्यंत चालते. सूडो कोणाला चालेल ते ठरवणाऱ्या सूडोअर्सच्या फाइलला ४४०. या शेवटच्या फाइलसाठी मी नेहमी आधी व्हीआयसूडो, छोटा सी, छोटा एफ देऊन फाइल तपासते, ती बरोबर निघाली तरच पुढे इन्स्टॉल चालतं, दोन्ही एकाच ओळीत दोन अँडनी (&&) जोडून. सूडोअर्समध्ये एक अक्षर चुकलं तर सूडोच बंद पडू शकतं आणि मग दुरुस्ती करायलाही सूडो राहत नाही.

आता कळमन्याची गोष्ट. काट्यावरचा संगणक सीरियल पोर्टवरून वजन वाचतो आणि पावती छापतो. अंबिया बहाराची संत्री यायला लागली की सकाळपासून गाड्यांची रांग असते आणि काटा थांबवा म्हणायची सोय नसते. चालू प्रोग्रॅमवर सीपीनं नवी आवृत्ती टाकायला गेलात तर "टेक्स्ट फाइल बिझी" असं उत्तर येतं. इन्स्टॉलला ही अडचण येत नाही. ती जुनी फाइल आधी काढते आणि त्याच नावानं नवी तयार करते. चालू प्रोग्रॅमनं जुन्या फाइलचा आयनोड (डिस्कवरची तिची नोंद) धरून ठेवलेला असतो, तो त्यावरच चालत राहतो. रांग ओसरली की सर्व्हिस रीस्टार्ट करायची, की नवी आवृत्ती लागते. मी सकाळी घरूनच फाइल टाकून ठेवते, आणि काट्यावरचा माणूस दुपारी जेवायच्या आधी रीस्टार्ट करतो. मधल्या वेळात एकही पावती अडत नाही.

मात्र इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुनी फाइल काढणं आणि नवी तयार होणं या दोन पायऱ्या आहेत. त्यांच्यामध्ये अगदी थोडा वेळ त्या नावाची फाइल नसते, किंवा असते ती अर्धी लिहिलेली. नेमका त्याच क्षणी प्रोग्रॅम कोसळला आणि सिस्टमडीनं, म्हणजे सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं, तो पुन्हा उठवायचा प्रयत्न केला, तर त्याला फाइल सापडणार नाही. जिथे एवढाही धोका नको, तिथे त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावानं इन्स्टॉल करून मग एमव्हीनं मूळ नावावर आणायचं. एकाच फाइलसिस्टमवर एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलणं, ते एका झटक्यात होतं. जुन्या फाइलला हार्ड लिंक, म्हणजे त्याच मजकुराची दुसरी नावं, असतील तर तेही ध्यानात असू द्या: दुसऱ्या नावाखाली जुना मजकूरच राहतो.

या कमांडचा सगळ्यात मोठा दोष माझ्या मते तिची मूळ परवानगी. छोटा एम दिला नाही तर फाइल ७५५ होते, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी आणि चालवता येईल अशीही. ही कमांड बांधलेले प्रोग्रॅम जागेवर ठेवण्यासाठी जन्मली, त्या काळात हे बरोबरच होतं. आज आपण तिच्यानं कॉन्फिग, किल्ल्या, सर्व्हिस फाइली ठेवतो. सिस्टमडीची सर्व्हिस फाइल छोट्या एमशिवाय टाकली, तर फाइलवर चालवण्याची परवानगी आहे, ती काढा, अशी सूचना लॉगमध्ये येते. सर्व्हिस तरी चालते, म्हणून ती सूचना कोणी वाचत नाही. पण पासवर्डच्या फाइलचं असं झालं तर कोणतीही सूचना येणार नाही. माझा नियम साधा आहे: छोट्या एमशिवाय इन्स्टॉल लिहायचीच नाही, ७५५ च हवं असलं तरी ७५५ लिहायचं.

दुसरा खड्डा फोल्डरचा. छोटा डी दिला की इन्स्टॉल फाइलऐवजी फोल्डर बनवते, मधले नसलेले फोल्डरही बनवते. पण तुम्ही दिलेला मालक आणि परवानगी फक्त नाव घेऊन सांगितलेल्या फोल्डरला लागते. मधले फोल्डर नेहमीच्या परवानगीचे राहतात, आणि सूडोनं चालवलं असेल तर रूटच्या मालकीचे. समजा मला रिपोर्ट, त्याच्या आत वर्ष, त्याच्या आत पीडीएफ अशी रचना हवी आहे आणि परवानगी २७७०, गट लॅब. पुढचा २ यासाठी की आत बनणारी प्रत्येक फाइल आपोआप लॅब गटाची व्हावी. नुसता शेवटचा मार्ग दिला तर पीडीएफचं फोल्डर बंद राहतं, पण वरचे दोन उघडे. त्यात काय काय आहे त्याची यादी कोणीही बघू शकतो, आणि आपल्याकडे फाइलच्या नावातच पेशंटचं नाव घालायची सवय आहे. उपाय असा की तिन्ही फोल्डर एकाच ओळीत वरून खाली नाव घेऊन सांगायचे. फोल्डर आधीपासून असेल तरी छोटा डी त्याचा मालक आणि परवानगी दुरुस्त करतो, त्यामुळे तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली की कोणी मध्ये काही बिघडवलेलं असेल तर तेही जागेवर येतं. मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

मोठा डी वेगळा. तो फाइलच ठेवतो, फक्त वाटेतले नसलेले फोल्डर बनवून. आर्चची पॅकेजं बांधणाऱ्यांच्या फाइलींत मोठा डी आणि छोटा एम ६४४ ही जोडी जागोजाग दिसते. फोनवर सांगताना मात्र छोटा डी आणि मोठा डी यांची गल्लत होते, आणि मग फाइलच्या नावाचं फोल्डर तयार होऊन बसतं. ही दोन कामं एकाच अक्षरावर ठेवायला नको होती.

छोटा व्ही दिला की काय केलं ते दिसतं, पण जुनी फाइल असेल तर आधी "रिमूव्ह्ड" अशी ओळ येते. नवी पोरं घाबरून फोन करतात. काही बिघडलेलं नसतं, पुढच्याच ओळीत नवी फाइल ठेवल्याचं दिसतं. काही न बदलता नुसतं काय होईल ते दाखव, असा पर्याय मात्र या कमांडमध्ये नाही, आणि मला त्याची उणीव खरंच जाणवते.

छोटा बी जुन्या फाइलची प्रत शेपटाला टिल्ड (~) लावून ठेवतो. सूडोअर्सच्या फोल्डरमध्ये टिल्डवर संपणाऱ्या फाइली वाचल्या जात नाहीत, तिथे धोका नाही. डेबियनवरच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये मात्र सगळ्याच फाइली उचलल्या जातात, मग जुनी आणि नवी साइट दोन्ही लागतात. तिथे छोटा बी वापरू नका.

मोठा सी फार कमी लोकांना माहीत आहे. मजकूर, मालक आणि परवानगी तिन्ही आधीसारखीच असतील तर तो फाइलला हातच लावत नाही, तारीखसुद्धा बदलत नाही. फाइल बदलली की आपोआप रीलोड होणाऱ्या सर्व्हिसला विनाकारण धक्का बसत नाही. जुनी तारीख टिकवणारा छोटा पी मात्र त्याच्या जोडीला चालत नाही, इन्स्टॉल तिथेच नाही म्हणते.

रिकामी पण बंद फाइल हवी असेल, म्हणजे लॉगसाठी किंवा नंतर पासवर्ड लिहिण्यासाठी, तर स्रोत म्हणून कायम रिकामी असणारी /डेव्ह/नल द्या आणि छोटा एम ६००. फाइल जन्मापासून बंद असते, मग निवांत एडिटर उघडा.

मॅकवर स्क्रिप्ट लिहून सर्व्हरवर नेणाऱ्यांनी जपून राहावं. मॅकची इन्स्टॉल बीएसडीची आहे, तिथे जीएनयूचा मोठा डी आणि ठिकाणाचं फोल्डर आधी सांगणारा छोटा टी मिळत नाहीत. स्क्रिप्ट दोन्हीकडे चालायची असेल तर फोल्डर आधी छोट्या डीनं बनवायचे आणि मग फाइल वेगळ्या ओळीत ठेवायची. छोटा एम, छोटा ओ, छोटा जी दोन्हीकडे सारखेच.

पूर्ण फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसकट हलवायचा असेल तर ही कमांड तुमच्या कामाची नाही. ती फोल्डर सोडून दिल्याचं सांगते आणि पुढे जाते. त्यासाठी आरसिंक घ्या. वीस-पंचवीस मशीन असतील तर अन्सिबल घ्या, त्याच्या कॉपी मॉड्यूलमध्येही मालक, गट आणि परवानगी हीच तीन खाती भरायची असतात. पण एक-दोन मशीन असतील, त्यावर दहा-पंधरा फाइली असतील आणि त्यातल्या दोनतीन कोणीही वाचू नयेत अशा असतील, तर इन्स्टॉलच्या दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट पुरेशी आहे. फाइली ठेवून झाल्या की स्टॅट, छोटा सी, मग टक्का मोठा ए, टक्का मोठा यू, टक्का मोठा जी, टक्का छोटा एन असं एकदा चालवा. परवानगी, मालक, गट आणि नाव एका रांगेत दिसतं, आणि फोनवर त्या पोराकडून ते वाचून घेता येतं.